तिरका फोर्क, लांब स्ट्रोक: क्रूझर अशी का चालते

क्रूझर मोटरसायकल बाजूनं पाहिली की नजर आधी पुढं पसरलेल्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर जाते, मग बुटक्या सीटवर आणि मागच्या जाड टायरवर. अनेक जण हे सगळं शोभेचं समजतात आणि शोभेसाठीच त्यात बदल करतात. कुणी फोर्क आणखी तिरका करतं, कुणी मागचे शॉक बुटके बसवतं, कुणी सायलेन्सर पोकळ करतं. पण या गाडीची जवळपास प्रत्येक रेघ तिच्या चालीशी बांधलेली आहे. ते नातं कळलं की कुठं हात लावावा आणि कुठं मुळीच लावू नये, हे आपोआप कळतं.

आकडे हाताशी असावेत म्हणून बहुतेक ठिकाणी हार्ले-डेव्हिडसनची स्पोर्टस्टर आयर्न 883 धरली आहे. तिला क्रूझर म्हणावं की रोडस्टर, यावर वाद होतात, पण क्रूझरचे सगळे गुण आणि सगळ्या अडचणी तिच्यात अगदी स्पष्ट दिसतात.

रेक, ट्रेल आणि गाडीचं 'पडणं'

स्टीअरिंगचा आस उभ्या रेषेपासून जितका कललेला असतो, तो रेक. या आसाची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्याच्या पुढं पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सरळ रेषेत गाडीला स्थिर ठेवतो तो मुख्यतः ट्रेल. नुसत्या रेकनं स्थिरता येत नाही, आणि इथंच सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

ट्रेल काढायचं सूत्र सोपं आहे: चाकाच्या त्रिज्येला रेकच्या साइननं गुणा, त्यातून फोर्कचा ऑफसेट (स्टीअरिंगच्या आसापासून एक्सल जितका पुढं असतो ते अंतर) वजा करा आणि उरलेल्याला रेकच्या कोसाइननं भागा. आयर्न 883 चा रेक 30 अंश आणि ट्रेल 117 मिमी. पुढचा टायर 100/90-19, म्हणजे त्रिज्या सुमारे 331 मिमी. त्यातून ऑफसेट साधारण 64 मिमी येतो. आता ऑफसेट तोच ठेवून चॅसीचा रेक 34 अंश केला, तर ट्रेल जातो 146 मिमीवर. चार अंशांत जवळपास 30 मिमीची वाढ. हायवेवर गाडी रुळावरून जाते तशी सरळ जाईल, पण हळू चालवताना वेगळीच गोष्ट जाणवेल.

हँडल वळवलं की तिरक्या फोर्कमुळे गाडीचं नाक किंचित खाली बसतं आणि वजन हँडलला आणखी वळवू पाहतं. हे 'पडणं' ट्रेल गुणिले रेकचा साइन गुणिले रेकचा कोसाइन, या प्रमाणात वाढतं. 30 अंशांना ते 51 मिमीच्या आसपास येतं, 34 अंशांना 68. म्हणजे ट्रेल पावपट वाढला तर हे पडणं एक तृतीयांशानं वाढतं. पार्किंगमध्ये किंवा अरुंद यू-टर्न घेताना हँडल एकदम आत ओढलं गेल्यासारखं होतं ते याचमुळे. अशा वेळी क्लच अर्धवट धरून इंजिनला थोडी गती द्यावी, मागचा ब्रेक हलका लावून ठेवावा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. पुढचा ब्रेक अजिबात दाबू नये. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक लागला की गाडी आतल्या बाजूला आडवी होते, आणि अडीचशे किलोंचं धूड त्या कोनातून कुणालाच सावरता येत नाही.

आता तो धोकादायक बदल. चॅसी न कापता फोर्क तिरका दिसावा म्हणून कलत्या टी-प्लेटा मिळतात, म्हणजे फोर्क धरणारी वरची आणि खालची टी. त्यात फोर्क 5 अंशांनी पुढं जातो, पण स्टीअरिंगचा आस 30 अंशांवरच राहतो. फोर्क 700 मिमी लांब धरला तर एक्सल सुमारे 60 मिमी पुढं सरकतो, म्हणजे तेवढा ऑफसेट वाढतो आणि ट्रेल 117 वरून 50 मिमीच्या आसपास येतो. दिसायला गाडी लांब आणि स्थिर, पण प्रत्यक्षात हँडल हलकं आणि वेगात थरथरणारं. कलत्या टी त्या चॅसीसाठी आहेत जिचा मुळातला रेकच जास्त आहे आणि ट्रेल नको तेवढा वाढला आहे. मूळ चॅसीला त्या बसवायच्याच असतील तर आधी कागदावर ट्रेल काढा. तो 80–90 मिमीच्या खाली जात असेल तर बेत सोडून द्या.

थरथर आणि डुलणं यांत फरक आहे. हँडल सेकंदाला 6 ते 10 वेळा झटके देत असेल तर दोष पुढच्या बाजूला शोधा: सैल कोनसेट (स्टीअरिंगचं बेअरिंग), असमतोल चाक, एकाच जागी झिजलेला टायर, कमी झालेला ट्रेल. सगळी गाडी सेकंदाला 2–3 वेळा संथपणे डुलत असेल तर मागं पाहा: स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे) बुश, मागच्या टायरची हवा, आणि एक्सलच्या मागं लटकणारं सामान.

इंजिन: कमी फेऱ्यांत काम

हार्लेनं पहिलं व्ही-ट्विन, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन, 1909 मध्ये आणलं आणि 45 अंशांचा कोन आजही तिच्या बहुतेक मोठ्या इंजिनांत आहे. दोन्ही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारे) एकाच क्रँकपिनवर बसतात. एक रॉड खाली दुभंगलेला असतो आणि दुसरा त्याच्या फटीत बसतो. त्यामुळे दोन्ही सिलिंडर अगदी एका रेषेत येतात, इंजिन अरुंद राहतं आणि गाडी बुटकी बांधता येते. पण मागचा सिलिंडर पुढच्याच्या बरोबर पाठीमागं लपतो. त्याला थंड हवा कमी मिळते आणि तो नेहमी जास्त तापतो. प्लग काढून पाहिले तर पुढचा आणि मागचा अगदी सारख्या रंगाचे दिसतीलच असं नाही.

एकाच पिनवर दोन पिस्टन म्हणजे स्फोटांमधलं अंतर असमान: क्रँक एकदा 315 अंश फिरल्यावर, मग 405 अंश फिरल्यावर. क्रूझरचा तो ओळखीचा लंगडा ठोका इथून येतो. कोन बदलला की अंतर बदलतं. 75 अंशांच्या यामाहा विरागोत ते 285 आणि 435 आहे.

45 अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये पिस्टनांचा धक्का आपोआप भागत नाही. तो भागतो फक्त 90 अंशांत. मग कंपनं आवरायचे तीन मार्ग उरतात. पहिला, क्रँकपिन दोन करून त्या फाकवायच्या. फाक किती ठेवायची, तर 180 वजा व्ही-कोनाची दुप्पट. होंडानं 52 अंशांच्या व्ही-ट्विनला 76 अंशांची फाक दिली ती याच हिशेबानं. इंजिन गुळगुळीत झालं, पण ठोकाही गेला. म्हणून 1995 च्या शॅडो एसीई 1100 मध्ये होंडा मुद्दाम एका पिनवर परत आली. कंपनं वाढणार हे माहीत असूनही. मला तो निर्णय आवडतो. दुसरा मार्ग बॅलन्सर शाफ्टचा, जो 2000 सालच्या सॉफ्टेलच्या ट्विन कॅम इंजिनात आला. तिसरा, इंजिन रबरांवर टांगायचं. स्पोर्टस्टरला ही रबरं 2004 मध्ये मिळाली.

जुनी रबर-माउंट गाडी घेताना ही रबरं तपासाच. स्विंगआर्म इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडणीशी संबंधित असल्यानं रबर थकलं किंवा इंजिनाला आडवं धरणाऱ्या छोट्या दांड्यांचे सांधे झिजले की मागचं चाक वळणात स्वतःचा मार्ग धरू लागतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून वरून पाहा. मंद फेऱ्यांवर इंजिन पुढं-मागं हललं तर ते ठीक आहे, पण डावी-उजवीकडे सरकत असेल तर खर्च निघणार.

आता ताकदीचं. 883 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 76.2 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 96.8 मिमी. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, सुमारे 70 न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला 3500 फेऱ्यांच्या आसपास. टॉर्क गुणिले फेरे भागिले 9549 केलं की किलोवॉट निघतात: इथं साधारण 26, म्हणजे 35 हॉर्सपॉवर. सहाशे सीसीची यामाहा आर6 घेतली तर तिचाही टॉर्क 65 च्या घरातच आहे, पण तो 11 हजार फेऱ्यांवर मिळतो, म्हणून ताकद 100 हॉर्सपॉवरच्या पुढं जाते. चाकाला ओढणारा जोर इंजिनात जवळपास सारखाच, फरक तो कधी मिळतो याचा. सिग्नल सुटल्यावर, चढावर, मागं माणूस बसलेला असताना 2500 फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क कामाला येतो.

लांब स्ट्रोकची मर्यादा पिस्टनच्या वेगात आहे. 883 चा पिस्टन 6000 फेऱ्यांना सेकंदाला सरासरी 19.4 मीटर धावतो. 42.5 मिमी स्ट्रोकच्या आर6 ला तेवढ्याच वेगासाठी जवळपास 14 हजार फेरे लागतात. म्हणजे क्रूझरचं 6000 म्हणजे थोडे फेरे नव्हेत, तिच्यासाठी ते टोकच आहे. लाल रेषेजवळ ओढत राहिलात तर ताकद फारशी वाढत नाही, कंपनं आणि उष्णता मात्र वाढते.

उलट चूक जास्त लोक करतात. टॉर्क भरपूर आहे म्हणून वरच्या गिअरमध्ये 1500 फेऱ्यांवर अॅक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. तेव्हा प्रत्येक स्फोटाचा धक्का मंद फिरणाऱ्या क्रँकवर आदळतो, बेअरिंगवर तेलाचा थर पातळ असतो, प्रायमरी चेन (इंजिनातून क्लचला फिरवणारी) झटके खाते आणि तापलेल्या मागच्या सिलिंडरमध्ये टकटक सुरू होते. संथ जायचं असेल तर वरच्या गिअरमध्ये थोड्या अॅक्सिलरेटरवर खुशाल जा. जोर हवा असेल तर आधी गिअर पाडा आणि 2500 च्या वर येऊन मग पिळा.

सायलेन्सर पोकळ केल्यानं ताकद वाढते असं सर्रास सांगितलं जातं. उघड्या नळीतून दाबाच्या लाटा कमी फेऱ्यांत उलट्या परततात आणि ताज्या मिश्रणात जळका वायू मिसळतो. जिथं क्रूझर चालते त्याच 2000–3000 च्या पट्ट्यात टॉर्क घसरतो. शिवाय मिश्रण पातळ होऊन अॅक्सिलरेटर सोडताच फटाके वाजतात. कार्बोरेटरच्या गाडीत निदान पायलट जेट एक नंबर मोठा करून मिश्रणाचा स्क्रू पुन्हा लावावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा नकाशा बदलावा लागतो. आवाज हवाच असेल तर बॅफल (आतले पडदे) असलेला, कमी अडथळ्याचा सायलेन्सर घ्या.

किती कलते आणि किती बसते

आयर्न 883 दोन्ही बाजूंना साधारण 27–29 अंश कलते, मग काहीतरी रस्त्याला घासतं. 50 मीटर त्रिज्येच्या वळणात 28 अंश कलून सिद्धांतानं ताशी 58 किमी जाता येतं. 40 अंश कलणारी गाडी त्याच वळणात 73 नं जाते. प्रत्यक्षात क्रूझरचा आकडा आणखी खाली येतो. 150 मिमी रुंद टायर कलला की त्याचा टेकणारा भाग आतल्या बाजूला सरकतो, आणि गुरुत्वमध्य जितका खाली तितका हा परिणाम मोठा. गुरुत्वमध्य 500 मिमीवर धरला तर 4 अंश त्यातच जातात आणि वेग 53 वर येतो. 240 चा टायर बसवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आधी घासतो तो घडीचा फूटरेस्ट, आणि तो घासणं हा इशारा असतो. खरा धोका त्यानंतर टेकणाऱ्या कडक भागांचा: साइड स्टँडचा ब्रॅकेट, सायलेन्सर, चॅसीची खालची नळी. ते टेकले की गाडीचं वजन त्यांच्यावर जातं आणि टायर उचलला जातो. मागचे शॉक बुटके केले की फूटरेस्ट आणि कडक भाग यांमधला तो राखीव अंतराचा फरकही आटतो. बाकीचे परिणाम असे: एक्सलपाशी गाडी 50 मिमी खाली आली तर दीड मीटर व्हीलबेसवर रेक जवळपास 2 अंशांनी वाढतो, साइड स्टँडवर गाडी जास्त सरळ उभी राहून पलीकडे पडू शकते, आणि खड्ड्यात टायर मडगार्डला आतून लागतो.

मुळातच आयर्नच्या मागच्या चाकाला फक्त 41 मिमी हालचाल आहे. एवढ्या कमी जागेत सॅग, म्हणजे स्वार बसल्यावर गाडी किती खाली बसते ते, अचूक लावणं फार महत्त्वाचं. मागचं चाक हवेत राहील असं गाडीला उचला आणि एक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेटसह स्वार बसवून, पाय फूटरेस्टवर ठेवून दुसऱ्यानं तेच अंतर मोजावं. फरक हालचालीच्या साधारण एक तृतीयांश हवा, इथं 13–14 मिमी. जास्त बसत असेल तर सी-पान्यानं दोन्ही शॉकची कॉलर सारख्याच पायरीवर घट्ट करा. शेवटच्या पायरीवरही गाडी 20 मिमी बसत असेल तर स्प्रिंग त्या वजनाला मऊ आहे, आणि प्रीलोड (कॉलरनं स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) वाढवून ते भरून निघत नाही. स्प्रिंग बदला.

जुन्या सॉफ्टेलवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. 1984 ते 2017 च्या सॉफ्टेलमध्ये शॉक गिअरबॉक्सखाली आडवे लपवलेले आहेत आणि चाक वर गेलं की ते दाबले न जाता ताणले जातात. त्यामुळे शॉकची दांडी लांबवली की गाडी खाली बसते. नेहमीच्या सवयीनं उलटं फिरवणारे पुष्कळ.

ब्रेक: मागच्याला कमी लेखू नका

मोटरसायकलवर सगळं काम पुढचा ब्रेक करतो, हे उंच आणि आखूड गाड्यांसाठी खरं. जोरात थांबताना पुढं सरकणारं वजन गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) या प्रमाणात असतं. 600 मिमी उंची आणि 1400 मिमी व्हीलबेसच्या गाडीत 0.8 जी नं (गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट जोरानं) थांबताना वजनाचा 34 टक्के भाग पुढं जातो. 500 आणि 1600 च्या क्रूझरमध्ये फक्त 25 टक्के. उभ्या गाडीचं 52 टक्के वजन मागं असेल तर जोरात थांबतानाही 27 टक्के मागंच राहतं. तो ब्रेक वापरला नाही तर पाव थांबणं वाया गेलं. पुढं एकच डिस्क असलेल्या गाडीला लांब उतारावर तर हे फारच लागू पडतं. दोन्ही ब्रेक एकत्र, मागचा किंचित आधी.

बेल्ट, प्रायमरी चेन, तेल

मागचं चाक फिरवणारा बेल्ट स्वच्छ आणि टिकाऊ असतो म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. तो सैल राहिला तर जोर पडताच पुलीचे दात उडी मारतात. जास्त ताणला तर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग खातो. ताण मोजताना खालच्या भागाच्या मध्यावर 4.5 किलोचा जोर लावा आणि किती मिमी हलतो ते पाहा. आकडा मॉडेलनुसार बदलतो, म्हणून तो गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि सगळ्यात घट्ट जागा प्रमाण माना. दातांच्या बुडाशी भेगा, कडेचे सुटलेले धागे किंवा खड्यानं आरपार पडलेलं भोक दिसलं तर बेल्ट बदला. नवा बेल्ट बसवताना तो छोट्या पुलीपेक्षा लहान वळ्यात कधीही वाकवू नका, आतले तंतू तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

883 ची प्रायमरी चेन वेगळी तपासावी लागते. कव्हरच्या खिडकीतून वरच्या भागाचा मध्य दाबा: थंड इंजिनाला 9.5 ते 12.7 मिमी हालचाल, गरम इंजिनाला 6.4 ते 9.5 मिमी. थंडपणी गरमचा आकडा लावला तर चेन तापल्यावर ताणली जाते आणि बेअरिंग कुरकुरतं. क्लच लावताना आधी केबल पूर्ण सैल करा, मग कव्हरच्या आतला स्क्रू डावीकडे फिरवून हलकेच टेकू द्या आणि उजवीकडे पाव फेरा परत आणा. त्यानंतर लिव्हरपाशी 1.6 ते 3.2 मिमी मोकळीक ठेवून केबल आवळा. केबलवरूनच सगळं भागवलं की क्लच नीट सुटत नाही आणि न्यूट्रल सापडेनासा होतो.

तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी असल्यानं उभ्या गाडीत थोडं तेल खाली क्रँककेसमध्ये झिरपतं. थंड इंजिनाला पातळी पाहिली की ती कमी दिसते, माणूस वरून ओततो, आणि नंतर जास्तीचं तेल ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये येतं. फिल्टर तेलकट झाला म्हणून पिस्टन रिंगवर संशय घेण्याआधी ही शक्यता तपासा. गाडी चांगली चालवून आणा, साइड स्टँडवर एक-दोन मिनिटं मंद चालू ठेवा, बंद करा आणि मग पट्टी पाहा.

चार्जिंगसाठी मल्टिमीटर बॅटरीला लावून 3600 फेऱ्यांवर वाचन घ्या, 14.3 ते 14.7 व्होल्ट हवेत. कमी आलं तर रेग्युलेटरवर (व्होल्टेज आवरणाऱ्या भागावर) घसरण्याआधी स्टेटरचा (वीज बनवणाऱ्या भागाचा) प्लग उघडून पाहा. कंपनांनी तो प्लग सैल होतो, संपर्क तापतो आणि प्लास्टिक तपकिरी पडतं. टायरमध्ये पुढं 30 आणि मागं 36 पीएसआय, मागं कुणी बसणार असेल तर 40. हवा थंड टायरला भरायची.